अंगावर सैल काही नाही

आकांक्षाची मोटरसायकल अंगणात शिरली तेव्हा पिंडाचं सगळं आटोपून भटजी निघून गेले होते. पुंडलिकराव ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. ते आकांक्षाच्या गेलेल्या आईचे, नलूचे, थोरले भाऊ, सकाळीच आष्टीहून आले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं.

“काऊन गा ऋतिक, गावातली लाइट गेली काय?”

“नाई मामा. काऊन?”

“मंग हा लाइनमन काऊन आला?”

ओसरीवरचे भाऊबंद हसले. ऋतिक हसला नाही. वासुदेवराव खांबाला टेकून बसले होते, तेही हसले नाहीत. बायकोच्या वर्षश्राद्धाला हसावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. पण मुलीकडे मात्र त्यांनी पाहिलं.

तिनं हेल्मेट काढलं. आत कापडाची शिवलेली कुंची होती, तोंड, कान, मान झाकणारी, मागे बटनं. ती काढली. वेणी कॉलरच्या आत होती, ती तशीच ठेवली. जाड खादीचं मातकट जॅकेट, गळ्यापर्यंत बंद. मनगटाला पट्ट्या. पॅन्टचे पायचे बुटात खोचलेले आणि वरून आवळलेले. पाठीवर पिवळी पट्टी, मागच्या ट्रकवाल्याला दिसावी म्हणून. तिच्या अंगावर एकही दोरा लोंबत नव्हता.

“मायच्या वर्षश्राद्धाले अशी येते का वो पोट्टी?” मंदाबाई दारातून म्हणाल्या. वासुदेवरावांची ही थोरली बहीण आठ दिवसांपासून घर ताब्यात घेऊन होती. “अन् आता येते? पिंड झाला, कावळा शिवून गेला, अन् तू आता?”

“वाटेत थांबली होती आत्या.”

“कोठी?”

“पुलाजवळ.”

आष्टी रोडवरचा तो लहान पूल घरातल्या सगळ्यांना माहीत होता. ऋतिकच्या गाडीवरून नलू तिथंच पडली होती.

“जाय, हातपाय धुय,” मंदाबाई म्हणाल्या. “मामानं कपडे आणले सगळ्यायले. साडी नेस अन् मारुतीले जाऊन या दोघं बहीणभाऊ. मंग पानं वाढतो. लोक उपाशी बसले.”

या घरात दुखवटा काढायची पद्धत ठरलेली होती. वर्षाच्या दिवशी मेलेल्या बाईच्या माहेरची माणसं कपडे आणतात. ते नवे कपडे घालून घरची लेक आणि घरचा लेक जोडीनं गावाबाहेरच्या मारुतीला जातात, नारळ फोडतात. परत आले की गोडाचा पहिला घास. वासुदेवरावांची आई गेली तेव्हा ते आणि मंदाबाई असेच बैलांच्या दमणीत बसून गेले होते. आता दमणी नव्हती. आता ऋतिकची गाडी होती.

आणि वर्षाच्या आत उरकलेलं लग्न सोडलं, तर हे केल्याशिवाय घरात शुभकार्य होत नाही. ऋतिकच्या बायकोला, अंजूला, पाचवा सरत आला होता. तिची ओटी भरायची होती. तिच्या माहेरचे दोनदा विचारून गेले होते.

*

मंदाबाई साडी घेऊन आतल्या खोलीत आल्या तेव्हा आकांक्षा नलूच्या शिलाई मशीनवर हात ठेवून उभी होती. जॅकेट तिनं काढून मशीनवरच ठेवलं होतं. मंदाबाईंनी ते उचललं. कोपराला काही कडक लागलं.

“हे काय वो आत?”

“चपलेचं रबर. पडलं तर कोपर फुटू नये.”

“चपला शिवते आंगावर. देवा.”

पण हात मात्र त्यांनी शिवणीवरून फिरवला. शिवण नलूची होती. म्हणजे नलूच्या हाताची नव्हती, तिनं शिकवलेली होती. दोन टिपा, मध्ये बारीक अंतर. मंदाबाईंचे सगळे झंपर या शिवणीचे होते. त्यांनी जॅकेट खाली ठेवलं.

ही पोरगी पहिल्यापासून अशी नव्हती. नालवाडीला खोली घेऊन राहायला लागली, माती तपासणाऱ्या लॅबची नोकरी धरली, गावोगाव वावरातून मातीचे नमुने गोळा करायला लागली, तेव्हाही मोटरसायकलच होती. पांदण रस्त्यावर स्कूटी चालत नाही म्हणे. पण तेव्हा ती चार पोरींसारखी दिसायची. सलवार, कुर्ता, ओढणी तोंडाला गुंडाळून मागे गाठ. नलू गेली आणि ओढणी गेली. मग कुठून तरी मागवलेलं काळं जॅकेट आलं. ते घालून ती भर मे महिन्यात आर्वी रोडवर चक्कर येऊन पानठेल्यासमोर पडली होती. ते गेलं. मग जीनचं आलं, तेही गेलं. मग सेवाग्रामहून खादीचा जाड तागा आणून ती या मशीनवर बसली आणि उसवत, शिवत, पुन्हा उसवत राहिली. निळा रंग केला तर धूळ दिसते म्हणून मातकट केला. काखेत हवेसाठी भोकं ठेवली. आता खेड्यातली पोरं तिला लांबून ओळखत. ‘मातीवाली मॅडम आली’ म्हणत. एकदा मंदाबाईंनी तिला या मशीनशेजारच्या आरशात पाहताना पाहिलं होतं. लग्नाला निघालेली पोरगी पाहते तशी ती स्वतःकडे पाहत होती. ते मंदाबाईंना आवडलं नव्हतं.

“घे,” त्या म्हणाल्या. “सिल्कची आहे. पदर भारी आहे.”

आकांक्षानं साडी हातात घेतली. पोपटी, रुंद काठ.

“नेसते. पण त्याच्या गाडीवर नाई बसत. पायी जातो आम्ही.”

“पायी? ह्या उन्हात? अर्धा घंटा जाले, अर्धा याले. पाहुणे काय हवा खातीन?”

“मंग माह्या गाडीवर चला म्हणा त्याले. मी चालवते, तो बसंन मागं.”

“अन् साडी?”

“मंग साडी नाई. हेच कपडे.”

“दुखवट्याच्या कपड्यानं दुखवटा निघत नसते बाई.” मंदाबाईंनी आवाज खाली आणला. “आयक माह्यं. एक खेप बसायचं आहे. तुही माय जनमभर बसली मागं. बाईनं पदर सांभाळायचा असते, एवढंच असते त्याच्यात.”

आकांक्षानं त्यांच्याकडे पाहिलं.

“म्हणजे तिनं नाई सांभाळला.”

“मी तसं म्हटलं का?”

“वर्षभर सारे तसंच म्हणून राह्यले आत्या. भटजीपासून किराणावाल्यापर्यंत. पदर सांभाळला नाई बिचारीनं.”

मंदाबाई थांबल्या. आता ती पुढचं बोलेल, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी आष्टीच्या साखरपुड्याला नलू सुती पातळ नेसून निघाली होती. ‘भिकाऱ्यासारखी काऊन येते, सिल्कची नेस,’ असं फोनवर सांगणाऱ्या मंदाबाईच होत्या. आकांक्षा तेव्हा शेजारी बसली होती. तिला हे माहीत होतं. वर्षभर ती हे बोलली नव्हती.

आताही बोलली नाही. तिनं साडीची घडी मशीनवर ठेवली. त्यामुळेच मंदाबाईंना जास्त राग आला.

“ऋतिक!” त्यांनी हाक मारली. “ये बापा इकडं. तुही बहीण आयकत नाई.”

*

ऋतिक अंगणात गाडी पुसत होता. सकाळीच एकदा पुसली होती. हातात फडकं घेतलं की माणसाला कोणी काही विचारत नाही, हे तो या वर्षात शिकला होता.

गाडी त्यानं हौसेनं सजवली होती. रुंद टायर, बदललेला सायलेन्सर, टाकीवर काळा पट्टा. तिच्यासाठी त्याचेही कपडे होते: काळा टी-शर्ट, गॉगल, वर खोचलेली बाही. आर्वीच्या चौकात ती गाडी उभी केली की पोरं जवळ येऊन पाहत. अपघातानंतर मित्र म्हणाले, विकून टाक. त्यानं विकली नाही. विकली असती तर लोक म्हणाले असते, काहीतरी होतं म्हणून विकली. ठेवली तर काहीच नव्हतं.

आणि मग बहीण दर महिन्याला घरी यायला लागली, त्या कपड्यांत.

तो आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. मागून वासुदेवराव आले. पुंडलिकरावही अडकित्ता हातात घेऊनच आले.

“काय झालं?”

“तुह्या मागं नाई बसत म्हणे,” मंदाबाई म्हणाल्या.

“नको बसू,” ऋतिक म्हणाला. “पण नाटक काऊन करून राह्यली? वर्ष झालं, पाहून राह्यलो मी. ते बटनं, त्या पट्ट्या. घरात पाय टाकते अन् तशीच उभी राह्यते. बोलत काईच नाई. बोट दाखवल्यासारखी उभी राह्यते. तुले वाटते मले समजत नाई?”

“गाडीचे कपडे आहेत दादा. मी दिवसभर गाडीवर असते.”

“बाकीच्या पोट्ट्या नाई चालवत? त्या काय मिलिटरीत भरती झाल्यासारख्या हिंडतेत?”

“नाई.”

“मंग?”

“त्यायच्या घरच्या गाडीले साडीगार्ड आहे.”

वर्षभरात हा शब्द या घरात कोणी उच्चारला नव्हता. ऋतिकनं बापाकडे पाहिलं. वासुदेवराव जमिनीकडे पाहत होते.

“कायचं साडीगार्ड?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“काई नाई मामा.”

“कायचं गा? जवाईबापू, काय म्हणून राह्यली ही?”

“जाऊ द्या पुंडलिकराव,” वासुदेवराव म्हणाले. “गेलं ते गेलं. आजचा दिवस आहे.”

“मले तर तुम्ही म्हटलं होतं, पदर सुटला अन् चाकात गेला.”

“तसंच झालं.”

“हो, पण साडीगार्ड असलं तर पदर चाकात जाईन कसा?” पुंडलिकराव सावकाश बोलत होते, एकेक पायरी उतरावी तसे. “माह्या जुन्या गाडीले आहे. पाय ठेवते बाई त्याच्यावर. जाळी असते.”

वासुदेवराव मुलीकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

“आकू. बस बेटा. एक खेप. माह्यासाठी बस.”

आकांक्षानं बापाकडे पाहिलं. ही खोली तिच्या ओळखीची होती, ही माणसंही. मामा, आत्या, दादा, या सगळ्यांकडून तिला काही नको होतं. बापाकडून होतं. तिला वाटलं होतं, हा माणूस एकदा तरी बोलेल. नलूला घेऊन आले त्या दिवशी तिनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, बाबा, जाळी कोठी आहे गाडीची? ते म्हणाले होते, चूप राह्य, त्याले आयकू जाईन. त्यालाच ऐकू जायला हवं होतं. तेव्हापासून ती चूप राहिली होती आणि शिवत राहिली होती.

“नाई बाबा,” ती म्हणाली.

“बापाचं आयकत नाई!” मंदाबाईंनी साडी उचलली. “ठीक आहे. लेक नाई त सून. लक्ष्मीच आहे घरची. अंजू! ये वो!”

*

अंजू मागच्या परसात वडे तळून आत आली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं, पण तिला वाटत होतं की यातलं काही तिचं नाही. लग्न होऊन आठ महिनेही झाले नव्हते. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून घाईनं झालेलं लग्न. सासूला तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं. फोटोतली बाई चष्म्यातून हसत होती आणि गळ्यात मापाचा टेप होता.

मंदाबाईंनी तिला नेसवलं. भराभर, ओढून ओढून. पोटावरून निऱ्या वर घेतल्या.

“आत्याबाई, रस्ता खराब आहे तिकडचा,” अंजू म्हणाली.

“हळू नेईन तो. मी सांगते त्याले. नारळ धर. पदर असा पुढं घे अन् हातात गच्च धर. सोडायचा नाई.”

“एका हातानं नारळ, एका हातानं पदर. मंग गाडी कायनं धरू?”

मंदाबाईंनी तिला दारापर्यंत आणून सोडलं.

अंगणात ऊन तापलं होतं. ऋतिकनं गाडी सुरू केली होती आणि तो समोर पाहत होता. भाऊबंद ओसरीवरून पाहत होते. अंजू गाडीजवळ आली. सीट उंच होती. पाय कुठं ठेवायचा, ते तिनं खाली वाकून पाहिलं. ठेवायला काही नव्हतं. नुसतं चाक होतं, त्याच्या तारा आणि साखळी. ती या गाडीवर याआधी बसली होती, पण ड्रेसवर, दोन्हीकडे पाय टाकून. चाकाकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

“बस ना,” ऋतिक म्हणाला.

“थांबा.”

आकांक्षा पायऱ्या उतरून आली होती. ती गाडीच्या समोर उभी राहिली नाही, ओरडलीही नाही. ती अंजूच्या बाजूला येऊन उभी राहिली.

“ताई,” अंजूनं हळूच विचारलं, “साडीगार्ड म्हणजे कोणतं हो?”

“तू रोज पाहते.”

“मी?”

“भरताचे वांगे कायच्यावर भाजते तू?”

“चुलीवरच्या जाळीवर.”

“ती कोणाची जाळी आहे, विचारलं नाई कधी?”

अंजूला आधी काही कळलं नाही. मग कळलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मंदाबाईंनीच तिला ती लोखंडी जाळी दाखवली होती, तुही सासू याच्यावर वांगे भाजे, काय भरीत करायची बाई. तेव्हापासून ती रोज ती जाळी चुलीवर ठेवत होती. भाकरी त्यावर शेकत होती. वाकलेल्या कडेचं कारण तिला कधी सुचलं नव्हतं. चार कोपऱ्यांना भोकं होती. तिला वाटलं होतं, टांगायला असतील.

तिनं नारळ खाली ठेवला. गाडीच्या सीटवर नाही, जमिनीवर.

“मी नाई बसत,” ती म्हणाली.

“अंजू!” मंदाबाई ओरडल्या.

“मी नाई बसत आत्याबाई. पोटात लेकरू आहे माह्या.”

ऋतिकनं गाडी बंद केली. आवाज थांबल्यावर अंगण फार मोकळं वाटलं.

“हो, काढली,” तो म्हणाला. कोणाकडे न पाहता म्हणाला. “मी काढली. सारेच काढतेत मामा, आर्वीले जाऊन पाहा, एका पोराच्या गाडीले दाखवा. ते लावून फिरलं तर भाजीवाल्याची गाडी दिसते. म्हणून काढली. आईनं पाह्यलं होतं. तिनंच उचलून चुलीवर ठेवली, म्हणे लोखंड चांगलं आहे. तिनं काऊन नाई म्हटलं लाव म्हणून?”

“म्हणून पाह्यलं होतं तिनं,” आकांक्षा म्हणाली. “तू म्हटला होता, तुले बसायचं त बस, नाईत एष्टीनं जाय.”

पुंडलिकराव पायऱ्या उतरले. गाडीच्या मागच्या चाकाजवळ जाऊन खाली बसले, बैलाचा खूर पाहावा तसे. रिकाम्या भोकांवर बोट फिरवलं.

“माही बहीण,” ते म्हणाले.

उठले. ओसरीवर गेले, टोपी घातली, चपला घातल्या.

“पुंडलिकराव, जेवल्याशिवाय जाऊ नका,” वासुदेवराव म्हणाले. “हात जोडतो.”

“दुखवटा काढाले आलतो जवाईबापू,” पुंडलिकराव म्हणाले. “मले वाटलं होतं नशिबाचा आहे.”

त्यांनी आणलेले कपडे बाकड्यावर तसेच राहिले. वासुदेवरावांचं धोतर, ऋतिकचा शर्ट. पुंडलिकराव फाटकातून बाहेर पडले आणि बसस्टॉपकडे चालू लागले. त्यांना आवाज द्यायला मंदाबाई धावल्या, पण फाटकापाशीच थांबल्या. परत येऊन त्या आकांक्षाला म्हणाल्या, “झालं तुह्या मनासारखं?”

*

वासुदेवराव परसात गेले. चुलीवर भाताचं पातेलं होतं आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी ती उचलली. अजून कोमट होती. एका पट्टीला वांग्याचं जळकं साल चिकटलेलं होतं.

नलू गेल्यावर त्यांना दोन गोष्टी करता आल्या असत्या. मुलाला एकदा मारायचं, किंवा त्याला जवळ घेऊन रडायचं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांना वाटलं, पोरगा जीव देईल. बायको गेली, पोरगाही जाईल. म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पदर सुटला. एकदा सांगितलं की तेच सांगत राहावं लागतं. आणि तेव्हापासून गावातली प्रत्येक बाई गाडीवर बसताना म्हणायची, नीट बसा वो, नलूसारखं होईन. नलूसारखं. जन्मभर टाका न् टाका मोजून घालणारी बाई गावात निष्काळजी ठरली, आणि ते ऐकत बसले.

ते जाळी घेऊन अंगणात आले. ओसरीवरचे भाऊबंद आता उभे राहिले होते.

“पाना आण,” ते ऋतिकला म्हणाले.

“बाबा, आता काय उपयोग आहे त्याचा?”

“पाना आण म्हटलं.”

ऋतिकनं गाडीच्या बाजूच्या डब्यातून पाना काढून दिला. वासुदेवराव चाकाजवळ बसले. जाळी लावून पाहिली. बसत होती. थोडी वाकली होती, ती त्यांनी गुडघ्यावर घेऊन सरळ केली. पण नट नव्हते.

“नट कोठी?”

“फेकले असतीन,” ऋतिक म्हणाला.

आकांक्षा आत गेली. मशीनच्या ड्रॉवरमधून चिंधीची लहान पुरचुंडी घेऊन आली. बॉबिनांच्या खाली होती. तिनं कॉलर शिवताना पहिल्यांदा पाहिली होती आणि तिथंच ठेवली होती. नलूनं नट, बोल्ट, वॉशर, सगळं एकात बांधलं होतं. गाठ तिच्याच हाताची होती. वासुदेवरावांना ती गाठ सोडता आली नाही. आकांक्षानं दातानं सोडली.

मग ते नट बसवत राहिले. ऊन पाठीवर होतं. त्यांनी पाना फिरवला, पुन्हा फिरवला, हलवून पाहिलं. फार वेळ लागला नाही. एवढंच काम होतं. चहा उकळायला ठेवावा आणि उतरवावा, एवढं.

गाडी चमकत होती आणि तिच्या बाजूला काळी, काजळी धरलेली जाळी होती. ती तिथं शोभत नव्हती. ऋतिक तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं किल्ली काढली, खाली ठेवलेल्या नारळाजवळ टाकली आणि फाटकातून बाहेर गेला. मारुतीच्या रस्त्यानं नाही. दुसरीकडे, वावराच्या बाजूला.

अंजूनं किल्ली उचलली. ती त्याच्या मागे गेली नाही. साडी बदलायला आत गेली. दारातून ती मंदाबाईंना विचारत होती, “आत्याबाई, आता वांगे कायच्यावर भाजायचे?” आणि मंदाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, सकाळपासून पहिल्यांदा.

पानं वाढली. लोक जेवले, कारण उपाशी जाणं बरं दिसत नाही. खीर कोणी वाढली नाही. दुखवटा निघालाच नव्हता, त्यामुळे गोडाचा घास घ्यायचा नव्हता. अंजूच्या माहेरच्यांना काय सांगायचं, हे कोणी ठरवलं नाही.

आकांक्षा निघायला लागली तेव्हा ओसरीवर वासुदेवराव एकटे होते. तिनं जॅकेट घातलं. खालून वर बटनं लावली. मनगटाच्या पट्ट्या आवळल्या, पायचे बुटात खोचले, वेणी आत टाकली. कुंची चढवली. हे ती रोज करत असणार. वासुदेवरावांनी ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. काहीही घाईत केलेलं नव्हतं.

ते उठले. हाताला काजळी तशीच होती, म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. नुसते तिच्याभोवती एकदा फिरले. बाही पाहिली. कॉलर पाहिली. पाठीवरची पिवळी पट्टी, कमरेचा पट्टा, बुटांचे बंद. शिवून झालेला झंपर गिऱ्हाईकाला देण्याआधी नलू असाच फिरवून पाहायची. कुठं दोरा राहिला असला तर दातानं तोडायची.

कुठं काही राहिलं नव्हतं.

“त्या वेळी तू विचारलं होतं मले,” ते म्हणाले.

“हो.”

“मी चूप राह्य म्हटलं.”

“आजही बस म्हटलं बाबा तुम्ही.”

तिनं हेल्मेट घातलं, गाडी स्टँडवरून काढली.

“जाय,” ते म्हणाले. “सांभाळून जाय.”

घरातून निघताना ‘येते’ म्हणायची पद्धत आहे. ती काही म्हणाली नाही. गाडी सुरू झाली आणि आर्वी रोडच्या धुळीत तिचे कपडे धुळीच्याच रंगाचे होते, त्यामुळे थोड्या वेळानं फक्त पिवळी पट्टी दिसत राहिली. मग तीही दिसेना.